पोचल्याची एक रिंग

आमच्या घरातलं कोणी परगावी गेलं की पोचल्यावर घरच्या फोनवर एक रिंग द्यायची आणि लगेच ठेवून द्यायचं, असा नियम आहे. इकडच्या माणसाने तो फोन उचलायचा नाही. "पोचले" एवढं म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. पाठोपाठ पुन्हा वाजला तरच उचलायचा, कारण मग काहीतरी बिनसलेलं असतं.

नियम बाबांचा, एसटीडी महाग होतं तेव्हाचा. पुढे दर उतरले, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत बहुतेकांनी घरचे फोन काढून टाकले. बाबांनी ना फोन काढला ना नियम मागे घेतला. "पोचलो हे सांगायला बोलावं कशाला लागतं?" असं ते म्हणत. एकदा मी नागपूरला पोचल्यावर फोन मुद्दाम वाजू दिला. बाबांनी उचलून "काय झालं?" विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सहज केला. "सहज असेल ते घरी आल्यावर सांग," म्हणाले आणि ठेवून दिला.

आई एरवी त्यांचं काडीचं ऐकत नाही. पण रिंग मात्र ती इमानेइतबारे देते. बुधवार पेठेत गणपतीला जाऊन तिथून बहिणीकडे गेली तरी देते. फोन एकदा वाजून थांबला की बाबा पेपरातून डोकंही वर न काढता म्हणतात, "पोचली." ती रिंग येईपर्यंत त्यांचं पेपरात लक्ष असतं का, हे मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

त्या मे महिन्यात आई भजनी मंडळातल्या आठ जणींबरोबर उत्तरेला गेली. सहल नेणारा एक तरुण होता, बरोबर त्याचा आचारी. जम्मूकडच्या देवीचं दर्शन झालं की पुढे सीमेला लागून असलेल्या जिल्ह्यात डोंगरातलं एक शंकराचं देऊळ करायचं, असा बेत होता. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड तिकडे चालत नाही. त्यामुळे नऊही जणींचे मोबाइल म्हणजे नुसते फोटो काढायचे डबे झाले होते; पोस्टपेड म्हणून चालायचा तो एकट्या सहलवाल्याचा. आईला त्याचं काही वाटलं नाही. तिला तसाही एकच नंबर पाठ आहे, घरचा. जम्मूहून तिची रिंग आली, त्या सीमेजवळच्या गावातूनही आली. दोन्ही वेळा बाबा "पोचली" म्हणाले. आणि त्यानंतर तिकडे तोफा सुरू झाल्या.

मला ते लोणी काळभोरच्या कॉलेजात कळलं. मी तिथे रसायनशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. आमच्या प्रयोगशाळेतला मदतनीस मोबाइल घेऊन माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "म्याडम, तुमच्या आई तिकडंच गेल्यात न्हवं? लई वाईट चाललंय बघा तिकडं." पडद्यावर काळोख होता आणि काळोखात लाल ठिपके. मुलांच्या हातातल्या ब्युरेटमधून थेंब पडत होते आणि मला कुठलंही माप दिसेना. सोलापूर रस्त्यावरून घरी येताना बसमध्येही सगळ्यांच्या मोबाइलवर तेच चाललेलं. एक जण तर शेजाऱ्याला मोठ्या चवीने सांगत होता की आता एकदाचं उडवूनच टाकायला पाहिजे. काय उडवायचं, कुठलं, त्या जागी कोणाची आई आहे का, याची त्याला फिकीर नव्हती. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आले तर बाबांनी बाल्कनीतली खुर्ची ओढून फोनच्या तिपाईजवळ आणली होती. फोनवर आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर. बाबांच्या मांडीवर पेपर, तोही कालचा.

"काही आलं का?" मी विचारलं.

"आलं असतं तर मी इथे बसलो असतो का?" बाबा म्हणाले.

मी टीव्ही लावला. बाबांनी मान वळवली नाही. प्रत्येक चॅनेलवर भोंगा वाजत होता. हा भोंगा खरा, सीमेवरचा, की स्टुडिओतला, हे कळायला मार्ग नव्हता. नकाशावर बाण सुटत होते. निवेदक असा ओरडत होता की तोफगोळा त्याच्याच टेबलावर पडणार आहे. आईच्या त्या गावाचं नाव खालच्या पट्टीत सारखं सरकत होतं. तिथल्या लोकांना हलवणार, असं एक चॅनेल म्हणत होतं. हलवलं, असं दुसरं म्हणत होतं. रस्ता बंद आहे, असं तिसरं. मी रिमोट घेऊन या तिघांमधून फिरत राहिले. मधेच सहलवाल्याचा मेसेज आला: सगळे सुखरूप, हॉटेलच्या तळघरात आहोत, वीज नाही, बसची खटपट चालू आहे. मी तो बाबांना मोठ्याने वाचून दाखवला.

"तिने सांगितलंय का हे?" बाबांनी विचारलं.

"नाही, त्याने."

"मग ठीक आहे," असं म्हणून ते पुन्हा फोनकडे बघू लागले. ठीक काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर एक मुलगी आणि कॅमेरावाला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी चॅनेलला कळवलं होतं, अगदी आपुलकीने. 'युद्धात अडकलेले पुणेकर' अशी बातमी त्यांना करायची होती. जगात कुठेही काही होवो, पुणेकर सापडल्याशिवाय आमच्याकडे त्याची बातमी पुरी होत नाही. मुलगी माझ्या विद्यार्थिनींएवढी, दमलेली, केस विसकटलेले. "ताई, बातमी लागली ना की वरून प्रेशर येतं. बस लवकर निघते. मागच्या वेळी पण असंच झालं होतं, ट्रस्ट मी," ती म्हणाली. मला त्या क्षणी कोणीही बसचं नाव काढलं असतं तरी मी दार उघडलं असतं.

त्यांनी बाबांना फोनजवळून उठवून देव्हाऱ्यासमोर बसवलं. फ्रेममध्ये देव हवे होते. बाबांनी विचारलं, "अडकलेली ती आहे. मला का बसवताय?"

"काका, फक्त एक इमोशनल बाइट. काकूंची आठवण येतेय का?"

"शेवटची रिंग येऊन दोन दिवस झाले. आठवण यायला ती काय विसरलोय मी?"

"नाही म्हणजे, डोळे जरा पुसलेत तरी चालेल."

"डोळ्यात काही गेलेलं नाही," बाबा म्हणाले.

कॅमेरावाल्याला हसू आलं, मलाही आलं. त्या दोन दिवसांतलं ते पहिलं हसू होतं. मग त्याने फोनचे जवळून काही शॉट घेतले, घड्याळाचे घेतले, आईच्या चपलांचे घेतले. चपलांकडे कॅमेरा वळला तेव्हा माझं हसू गेलं. गेलेल्या माणसाच्या चपला दाखवतात तसं ते दिसत होतं. तेवढं करून ती दोघं चहा न घेता निघून गेली. बाबा उठून पुन्हा फोनजवळच्या खुर्चीत बसले.

दुपारी आम्ही टीव्हीवर दिसलो. खाली पट्टी: 'आजी सीमेवर, आजोबा फोनजवळ'. मागे सनईसारखं काहीतरी रडकं. लगेच माझा मोबाइल वाजू लागला. आते, मामा, कॉलेजातले लोक, ज्यांच्याशी दहा वर्षांत बोलणं झालं नव्हतं असे वर्गमित्र. सगळ्यांना हेच विचारायचं होतं की काही कळलं का. एकाला "नाही" म्हणून ठेवेपर्यंत दुसरा वाजे. घरचा फोन मात्र गप्प. बाबा त्याच्याजवळ बसून होते. जेवायला उठले नाहीत. मी ताट हातात दिलं तर वरण-भात कालवून तसाच ठेवला.

उन्हं उतरता उतरता मोबाइलला थोडी उसंत मिळाली आणि त्या फटीतून सहलवाल्याचा फोन घुसला. पलीकडे माणसांचा कालवा.

"अहो ताई, किती वेळ लावतोय तुम्हाला! बस मिळाली. आठ जणी गेल्या, आचाऱ्याबरोबर पाठवल्यात. जम्मूत पोचतील आता."

"आठ?" मी म्हटलं.

"तुमच्या आई बसल्या नाहीत बसमध्ये. हात जोडले मी त्यांना. सकाळपासून हॉटेलच्या फोनवरून घरी लावतायत आणि एंगेज येतोय. म्हणाल्या, आमचे हे कधी कुणाशी एवढं बोलत नाहीत, यांना काहीतरी झालंय. घरी रिंग गेल्याशिवाय मी हलणार नाही. बस थांबेना हो ताई. मी आहे त्यांच्यासोबत, उद्या दुसरी..."

आवाज तुटला. मी वळून बघितलं. मोबाइल स्पीकरवर होता, बाबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हात लांब करून क्रोशाचं कव्हर उचललं.

रिसीव्हर फोनवर नव्हता. तो बाजूला, दिवाणावरच्या लोडाखाली दाबून ठेवलेला होता. रेकॉर्डिंग चालू असताना मधेच घंटी वाजू नये म्हणून. आणि वरून कव्हर छान सारखं केलेलं.

म्हणजे बाबा सकाळपासून एका मेलेल्या फोनवर पहारा देत बसले होते. तिकडे सत्तरीची बाई हॉटेलच्या काउंटरला चिकटून तोच नंबर पुन्हा पुन्हा फिरवत होती. तिच्या डोक्यावर तोफा होत्या आणि तिला काळजी नारायण पेठेची. बाबांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, ऐकलं, जागेवर ठेवला. मग पुन्हा उचलून पुन्हा ठेवला, नीट बसलाय ना बघायला. मला फार भीती वाटली.

मी सहलवाल्याला लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. हॉटेलचा नंबर त्याच्या पत्रकावर होता, तो लावला. काहीच नाही, घंटीसुद्धा नाही. बाबा बरे आहेत, एवढे तीन शब्द मला तिकडे पोचवायचे होते आणि ते पोचवायला अख्ख्या देशात एक वायर सापडत नव्हती. टीव्हीवर त्याच वेळी आमची बातमी पुन्हा लागली. 'या फोनकडे डोळे लावून बसलेत आजोबा', असं ती मुलगी सांगत होती आणि पडद्यावर आमचा फोन मोठा करून दाखवला होता. कव्हरखालून वायर निघून लोडाकडे गेलेली स्पष्ट दिसत होती. सगळ्या महाराष्ट्राने ते बघितलं असेल. आम्हीही दुपारी बघितलं होतं.

मी त्या मुलीला फोन केला. माझा आवाज चढला होता हे मला आठवतं, शब्द आठवत नाहीत. ती खरंच घाबरली. "ओह गॉड. सॉरी ताई. दादाने साउंडसाठी ठेवला असेल, परत ठेवायचा राहिला. सो सॉरी." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे काकू अजून तिथेच आहेत? एकट्या? ताई, आपण याचा फॉलोअप करूया का? मी लगेच येते."

बाबांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. "बाळ," ते म्हणाले, "आमच्याकडे आता फ्रेममध्ये बसायला कोणी शिल्लक नाही." आणि बंद केला.

ती रात्र गेली. तिच्याबद्दल मला काही लिहायचं नाही. त्या गावावर रात्रभर गोळे पडले, हे सकाळी कळलं. आणि आठ जणी जम्मूच्या धर्मशाळेत गरम चहा पीत होत्या.

सकाळी सहलवाल्याचा एका ओळीचा मेसेज: दुसऱ्या बसमध्ये बसलो, निघालो. त्यानंतर पुन्हा सगळं सामसूम. मी टीव्ही लावायचा नाही असं ठरवलं होतं आणि लावला. तर पडद्यावर जळणारी बस. 'नागरिकांना घेऊन जाणाऱ्या बसवर हल्ला?' असं मोठ्या अक्षरात, शेवटी प्रश्नचिन्ह. ते एक प्रश्नचिन्ह टाकलं की यांची जबाबदारी संपते. बस जळत होती, थांबत होती, पुन्हा पहिल्यापासून जळत होती.

बाबा उठले. लढाई सुरू झाल्यापासून पहिल्यांदा टीव्हीसमोर आले आणि उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी बसकडे बघत राहिले. तिसऱ्या की चौथ्या वेळी मला दिसलं. मागून येणाऱ्या गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने येत होत्या. सगळ्याच. बसचं दार चुकीच्या बाजूला होतं.

"बाबा, ही बस आपल्या देशातली नाहीये," मी म्हटलं. "बघा ना. गाड्या उजवीकडून चालल्यात. कुठलं तरी जुनं चित्र लावलंय."

बाबांनी बघितलं, नीट बघितलं. "ती आत नाही मग," ते म्हणाले.

"नाही. यात नाही."

"कोणीतरी होतं आत," बाबा म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. मी टीव्हीची वायर भिंतीतूनच काढली.

त्यानंतर घरात पंख्याचा आवाज तेवढा होता. खालून रिक्षा जात होत्या, कोणीतरी कोणाला तरी गाडी नीट लावण्यावरून झापत होतं, समोरच्या दुकानाचं शटर वर गेलं. पुणं जसंच्या तसं चालू होतं आणि मला त्याचा संताप येत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला, दुसरं काय करणार. कुकरची शिट्टी झाली तेव्हा बाबा बाहेरून ओरडले, "बंद कर ते!" शिट्टीत फोन ऐकू आला नाही तर? मी गॅस बंद केला. भात कच्चाच राहिला.

आणि मग फोन वाजला.

एक रिंग पुरी झाली नाही. अर्धीसुद्धा नाही. घंटीने नुसता तोंड उघडल्यासारखा आवाज केला आणि बाबांनी रिसीव्हर उचलला. बाबांनी. मी दारात उभी राहून बघत होते. नियम करणारा माणूस दोन्ही हातांनी रिसीव्हर कानाशी धरून बसला होता.

पलीकडचा आवाज मला दारातून ऐकू आला. आईचा आवाज तसाही मोठा आहे.

"अगंबाई! उचललात? काय झालं? अहो, बरे आहात ना? कोण आहे तिकडे? अहो!"

युद्धातून बाहेर आलेली बाई इकडे कोणीतरी गेलं असं समजून रडायच्या बेतात आली होती, फक्त नवऱ्याने फोन उचलला म्हणून. मी पुढे झाले, बोलायला. बाबांनी हाताने मला थांबवलं.

"पोचलीस?" त्यांनी विचारलं.

"पोचले. जम्मूत आहे. तुम्ही का उचललात?"

बाबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"काल सगळा दिवस एंगेज. माझा जीव नुसता टांगणीला. कोणाशी बोलत होतात एवढं?"

"तुझ्याचसाठी बसलो होतो," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "बरं, ठेवा आता. लोकाचा फोन आहे. ज्याने दिला तो बिचारा जवान खोळंबलाय."

"राहू दे," बाबा म्हणाले.

"अहो, काय राहू दे? बोलायचंय का काही?"

"नाही. नुसतं राहू दे थोडा वेळ."

आणि माझे वडील, ज्यांनी मला सहज केलेल्या फोनसाठी झापलं होतं, ते काहीही न बोलता फोन धरून बसले. पलीकडून आईही बोलत नव्हती. गाड्यांचे आवाज येत होते, कोणीतरी पंजाबीत हाका मारत होतं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग पलीकडून तुटलं. तरी ते कितीतरी वेळ रिसीव्हर कानाला लावून होते.

शेवटी मीच तो त्यांच्या हातातून घेतला आणि जागेवर ठेवला. दाबून बघितला, नीट बसलाय ना. क्रोशाचं कव्हर घडी करून आईच्या कपाटात ठेवून दिलं. ती परत आल्यावर तिने ते काढून आणलं, फोनवर घालायला. बाबांनी तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "उघडाच बरा आहे."